जोडझोप

अनुजा बारंगुळेला श्टुटगार्टमध्ये ट्राम चालवायची नोकरी लागली, तेव्हा अण्णांनी बार्शीत गल्लीभर पेढे वाटले. वर्षभरानं तिला राहायला चांगली जागा मिळाली, तेव्हाही त्यांनी वाटले असते. पण ती जागा कशाच्या बदल्यात मिळाली, हे अनुजानं त्यांना सांगितलंच नाही.

नोकरीचं त्या मानानं सोपं होतं. तिकडची माणसं म्हातारी होत चालली होती, ट्राम डेपोत नुसत्या उभ्या राहत होत्या आणि चालवायला कुणी मिळत नव्हतं. सपाट शहरांत विनाचालक गाड्या सुरू झाल्या होत्या. श्टुटगार्ट मात्र डोंगरांच्या वाटीत वसलेलं. तिथल्या चढ-उतारांवर, त्यातून बर्फात, अजून माणूसच लागत होता. अनुजाला चढाची भीती नव्हती. आई गेल्यावर ती अण्णांच्या मालवाहू टेम्पोत त्यांच्या शेजारी बसूनच वाढली होती आणि कायद्यानं चालेल त्याच्या बरंच आधी स्टिअरिंगवर बसली होती.

पण चालक बोलावणाऱ्या शहराकडं त्यांना झोपायला जागा नव्हती. एका खोलीची जाहिरात आली की संध्याकाळपर्यंत जिन्यात रांग लागायची. मालक पगाराच्या पावत्या मागत, जामीन मागत, आधीच्या मालकाचा दाखला मागत. सगळं दिलं की "कळवतो" म्हणत आणि कळवत नसत. परवडेल अशी जागा शोधत लांब जावं, तर पहाटेची पहिली गाडी काढायला वेळेवर पोचता येत नसे. बंद पडलेल्या एका चपलांच्या दुकानावरच्या खोलीत अनुजा तिघींबरोबर राहत होती. पलंग दोनच. ती कामावरून यायची तेव्हा गादी दुसरीच्या अंगानं अजून उबदार असायची. मग ती इमारतही पाडायला काढली.

डेपोतल्या प्रशिक्षकानं तिला जोडझोपेबद्दल सांगितलं. जर्मनमध्ये त्याला लांबलचक शब्द होता. जोडझोप हे नाव तिकडच्या मराठी पोरींनी ठेवलेलं. वृद्धांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेची ती योजना होती. ज्याची स्मृती जात चालली आहे अशा एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या घरात राहायचं, रोज संध्याकाळचं जेवण त्याच्याबरोबर घ्यायचं आणि झोपताना डोक्याला एक मऊ टोपी लावायची. भाडं नावापुरतं.

संस्थेतल्या डॉ. आयलिन यांनी तिला समोर बसवून सगळं समजावलं. "दिवसभरात जे घडतं ते मेंदू आधी एका तात्पुरत्या जागी ठेवतो. गाढ झोपेत मेंदूत संथ लाटा उठतात. त्या लाटांबरोबर दिवसाच्या आठवणी कायमच्या जागी जातात. या आजारात लाटाच मोडतात. मग माल फलाटावर पडून राहतो आणि सकाळी झाडून टाकला जातो."

यंत्रानं कृत्रिम लाटा देऊन पाहिल्या होत्या. पण आपल्याला जशी घड्याळाची टिकटिक काही वेळानं ऐकू येईनाशी होते, तसा म्हातारा मेंदू त्या लाटांना सरावून जाई. जिवंत माणसाच्या लाटा मात्र दर वेळी थोड्या वेगळ्या असतात. त्या एका टोपीनं टिपायच्या, त्याच क्षणी भिंतीपलीकडच्या टोपीला द्यायच्या, आणि त्या टोपीनं अगदी क्षीण विजेच्या प्रवाहानं म्हाताऱ्या मेंदूला त्या तालात धरून ठेवायचं, असा हा प्रकार. त्यासाठी दोन्ही डोक्यांत त्या दिवसाचं काहीतरी सामायिक असावं लागे. एकत्र जेवण, एकत्र बोलणं. म्हणून तर घरात भाडेकरू हवा होता.

"मला काही होणार नाही ना?" अनुजानं विचारलं.

"तुमच्यासारख्या सोबत्यांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या आम्ही नियमित घेतो. उलट थोड्या सुधारतातच," डॉ. आयलिन म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या.

रेनाटेबाईंचं घर हेसलाख भागात, डोंगराच्या अंगावर, पुष्कळ पायऱ्या चढून गेल्यावर. मागं नासपतीचं झाड. बाई स्वतः उमेदीची सारी वर्षं ट्राम चालवत होत्या, म्हणूनच संस्थेनं अनुजाला त्यांच्याकडं पाठवलं होतं. पण पहिल्या दिवसांत त्याचा काही उपयोग झाला नाही. रोज सकाळी स्वयंपाकघरात तिला पाहून त्या दचकत.

"तुम्ही कोण? नळ दुरुस्त करायला आलात का?"

"मी अनुजा. इथंच राहते."

"असं होय," म्हणून त्या संशयानं बघत राहत आणि आपली पर्स उचलून खोलीत नेऊन ठेवत.

मग एका सकाळी अनुजा डबा भरत असताना बाई दारात आल्या, थांबल्या आणि म्हणाल्या, "काल डाळीत व्हिनेगर घालायला विसरलीस तू."

अनुजानं वळून पाहिलं. बाईंनाही आपण काय बोललो ते कळलं असावं. त्या खुर्चीवर बसल्या आणि टेबलावर हात सपाट ठेवून म्हणाल्या, "काल. मला काल आठवतंय." अनुजा डबा तसाच ठेवून त्यांच्यासमोर बसली. अनुजाची त्या दिवशी पहिली गाडी चुकता चुकता राहिली.

त्यानंतर ते घर तिचं झालं. बाई तिला जुन्या मार्गांची, घसरत्या रुळांची, दारुड्या उतारूंची हकिकत सांगत. ती त्यांना बार्शीच्या मार्केटयार्डाची सांगे. संस्थेची माणसं चाचणीला येत, आदल्या दिवशी दाखवलेली चित्रं, सांगितलेल्या गोष्टी विचारत. दोघींना धडाधड आठवत. अनुजा पहिल्यांदाच स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या गादीवर झोपत होती. त्या सुखानं तिला जरासं अपराधीही वाटे.

रविवारी दुपारी घरी फोन. अण्णा बार्शीत एकटे राहत. धाकटा भाऊ तुषार नोकरीसाठी बायकोला घेऊन चाकणला गेला होता. बोलता बोलता तुषार कधीतरी म्हणे, "ताई, हे मागच्या वेळीच सांगितलं की तुला." ती हसून म्हणे, "पहाटेची ड्युटी रे. डोकं चालत नाही." इतकं कुणाचंही होतं.

नासपती पिकायला लागल्या होत्या, त्या रविवारी अण्णांनी फोन उचलताच विचारलं, "एकटीच हाईस का?"

"हो. बाई परसात आहेत. का हो?"

"सोलापूरला जाऊन आलो. मधनंमधनं छातीत भरून यायचं. डॉक्टर म्हणतोय, नळ्या तुंबल्यात. छाती उघडून ऑपरेशन करायला लागंल."

अनुजा खिडकीचा कठडा धरून उभी राहिली.

"तुषारला सांगू नकोस," अण्णा पुढं म्हणाले. "नवी नोकरी हाय त्याची, सूनबाईला दिवस गेलेत. उगं घाबरतील. पैशाचं झालंय माझं, ते काय नको. फक्त आत नेताना बाहेर आपलं कुणीतरी असावं, असं वाटतं बघ."

"मी येते, अण्णा. दिवाळीनंतरची तारीख घ्या. मी रजा काढते."

"येशील?"

"येते म्हटलं ना."

"मग झालं. पण कुणाला बोलू नकोस."

फोन ठेवल्यावर ती ओट्याशी उभी राहून रडली. रेनाटेबाई टोपलीभर नासपती घेऊन आत आल्या, तिच्या पाठीवर हात ठेवला, काय झालं म्हणून विचारलं. अनुजानं अण्णांना शब्द दिला होता. ती काही नाही म्हणाली. बाईंनी पुन्हा विचारलं नाही. दोघींनी मिळून नासपती सोलल्या, केक केला आणि गरम गरमच खाल्ला.

सकाळी उठल्यावर अनुजाला केक आठवला, बाईंचा हात आठवला, सोललेल्या सालींचा वास आठवला. रजेचं तिच्या मनातही आलं नाही.

पुढच्या रविवारी ती अण्णांशी केकबद्दल बोलली. अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "बाकी काय?"

"बाकी काही नाही. तुमचं?"

"माझं काय असायचं."

त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी म्हटलं, "दिवाळीनंतर तुला कामाची गडबड असंल."

"असतेच हो. तेव्हा इकडं नाताळचे बाजार भरतात, गाड्या वाढवतात."

"बरं," अण्णा म्हणाले. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

शहरात नाताळचे दिवे लागले होते. अनुजा ड्युटी संपवून डेपोत हातमोजे काढत असताना तुषारचा फोन आला. रविवार नव्हता.

"ताई, अण्णांचं ऑपरेशन झालं. बरे आहेत. शेजारच्या गफूरचाचांनी नेलं त्यांना. सही अण्णांनी स्वतःच केली. मला काल कळलं."

"काय बोलतोस! मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुला सांगितलं होतं ताई. फक्त तुलाच सांगितलं होतं. तू येते म्हणालीस म्हणून तर ते आम्हाला बोलले नाहीत."

"नाही. मला नाही सांगितलं."

"बरं, राहू दे. उगाच आता..."

"तुषार, आईशपथ, मला नाही सांगितलं!"

त्यानं फोन ठेवला. ती पायऱ्या धावत चढून घरी आली. अण्णा खोटं बोलणारे नव्हते. तीही नव्हती. धापा टाकत तिनं रेनाटेबाईंना विचारलं, "मागच्या काही महिन्यांत, फोनवर बोलल्यावर मी कधी... माझं काही बिनसलं होतं का?"

"एकदा रडलीस," बाई लगेच म्हणाल्या. "केक केला त्या दिवशी. मी विचारलं, तू सांगितलं नाहीस."

अनुजाला तो दिवस लख्ख आठवत होता. बाईंचा हात पाठीवर होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. का वाहत होतं, तिथं काहीच नव्हतं. तिनं पुन्हा पुन्हा शोधून पाहिलं. त्या जागी हात घातला की नासपतीच लागत होत्या.

डॉ. आयलिननी तिचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा उठून त्यांनी दार लावलं.

"अशी तक्रार करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही," त्या म्हणाल्या. "या आठवड्यात घानाहून आलेली एक नर्सही येऊन गेली. आम्हाला वाटलं, ताण असेल." मग त्यांनी सांगितलं. लाटांचा ताल टिकवायला जोड दोन्ही बाजूंनी लागते. म्हातारीच्या मेंदूला अनुजाचा आधार मिळतो, तसा अनुजाचा मेंदूही तिच्याकडं थोडा झुकतो. दोघींच्या डोक्यांत जे सारखं, तेच लाटांवर पुन्हा पुन्हा स्वार होतं. जे एकटीचं, ते आपली पाळी येण्याची वाट बघत राहतं, आणि पाळी येत नाही.

"पण चाचण्या?"

"चाचण्यांत आम्ही तेच विचारत होतो जे त्या घरात, दोघींसमोर घडलं होतं. तुम्ही फोनवर घरच्यांशी काय बोललात ते आम्ही कधी विचारलं नाही. आम्हाला ते विचारता येणारही नव्हतं." त्यांनी चष्मा काढला. "घरची माणसं जवळ असती तर त्यांनीच तुम्हाला टोकलं असतं. पण घरची माणसं जवळ असती तर तुम्ही या योजनेत आलाच नसतात."

जुनं सगळं शाबूत होतं. टेम्पो, आई, बार्शीचा उन्हाळा. गेलं होतं ते टोपी लावल्यापासूनचं तिकडचं. तिच्या डोक्यात तिचं बार्शीचं घर तिनं टोपी लावली त्या दिवसावर थांबलं होतं.

"तुमच्या बाजूची जोड तोडता येईल," डॉ. आयलिन म्हणाल्या. "पण मग त्यांचा ताल टिकणार नाही. त्या पूर्वी होत्या तिथं परत जातील. आणि योजना संपली की ती खोली..."

"ठाऊक आहे," अनुजा म्हणाली.

मिळेल ती रजा काढून ती बार्शीला गेली. अण्णांनी तिच्यासाठी नवी चादर अंथरून ठेवली होती. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या आणून ठेवल्या होत्या, पाहुण्यांसाठी ठेवतात तशा. "दमली असशील. पड जरा," ते म्हणाले. त्यांच्या छातीवरची शिवण सदऱ्यातून वर डोकावत होती. तिला ती बघवेना.

दुसऱ्या दिवशी, ते ओसरीत उन्हाला बसले असताना, तिनं सगळं सांगितलं. टोपीचं, लाटांचं, बाईंचं. अण्णा मान खाली घालून ऐकत होते.

"भाडं परवडावं म्हणून?" शेवटी त्यांनी विचारलं.

"हो."

"आधी बोलली असतीस तर मी म्हटलं असतं, ये परत."

"म्हणूनच नाही बोलले."

अण्णांनी मान हलवली. "माझ्या छातीत दुसरीकडची नळी आणून बसवली. आता असं होतं, तर तसंही होत असंल. तू खोटं बोलतीयस असं मी म्हणत नाही." ते थांबले. "पण आत नेताना मी मान वळवून बघितलं, दाराशी कुणी हाय का म्हणून. तेवढं डोळ्यांसमोरनं जाईना बघ."

अनुजानं त्यांचे पाय धरले. त्यांनी तिला उठवलं, डोक्यावरून हात फिरवला आणि चहा टाकतो म्हणून आत गेले. निघेपर्यंत ते तिच्याशी चांगले वागले. एकदाही रागावले नाहीत. ती लहान असताना टेम्पोचा गिअर चुकला तर ते तिच्यावर केवढ्यानं ओरडत. तसं ओरडले असते तर बरं झालं असतं, असं तिला विमानात वाटत राहिलं.

परत आली, तेव्हा रेनाटेबाई दारात म्हणाल्या, "कोण हवंय?" तेवढ्या दिवसांतच त्या बऱ्याच मागं गेल्या होत्या. अनुजानं दुसरीकडं जागा शोधून पाहिली. जिने तेच होते, रांगा लांब झाल्या होत्या. मग तिला एक युक्ती सुचली. जे सामायिक ते टिकतं ना? मग घरचं सगळं बाईंना सांगायचं. तिनं टोपी पुन्हा लावली, आणि दर रविवारी फोन झाला की जेवताना अण्णा काय म्हणाले, तुषार काय म्हणाला ते सगळं बाईंना सांगू लागली.

युक्ती लागू पडली. बाई सुधारल्या आणि अनुजालाही आठवू लागलं. तुषारला मुलगी झाली, ते आठवलं. गफूरचाचांनी आपला टेम्पो विकला, ते आठवलं. सोमवारी सकाळी बाईच विचारत, "तुझ्या अण्णांचा खोकला थांबला का?" जणू त्या बार्शीत दोन घरं टाकून राहत होत्या.

पण आठवायचं ते तिनं जर्मनमध्ये सांगितलं होतं तेच, तेवढंच आणि तसंच. वडील म्हणाले, बाळ निरोगी आहे. वडील म्हणाले, थंडी पडली आहे. अण्णांचा आवाज त्यात नसे. बाळाला पाहून आल्यावर ते तिच्या नाकाबद्दल काहीतरी बोलले होते. जर्मनमध्ये त्याची काही गंमत राहीना, म्हणून अनुजानं ते वगळलं. सकाळी ते गेलेलं होतं.

तो एक सोमवार होता, तिला सुट्टी होती. बाईंनी कॉफी ओतली आणि म्हणाल्या, "काल तू फोनवर मोठ्यानं हसलीस. मला सांगताना हसली नाहीस. काय होतं ते?"

अनुजाला आपलं हसणं आठवत होतं. "माहीत नाही," ती म्हणाली.

बाईंनी कप खाली ठेवला. "तू दर रविवारी मला घरचं सांगतेस, धडा पाठ करावा तसं. नासपतीच्या दिवशी का रडलीस, तेही तुला ठाऊक नव्हतं. अनुजा, माझ्यामुळं तुझं काय चाललंय?"

तिनं टाळायचा प्रयत्न केला. बाईंनी टाळू दिलं नाही. ऑपरेशनचं सांगून झालं, तेव्हा बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"मला डॉक्टरांना फोन लावून दे."

"आपण आणखी काही महिने..."

"लावून दे. अजून मला समजतंय, तोवर मला ठरवू दे."

"तुम्ही मला विसराल," अनुजा म्हणाली.

"विसरेन. मला ते कळणार नाही, तुला कळेल. त्याबद्दल मात्र मला माफ कर." त्यांनी तिचा हात धरला. "मी इतकी वर्षं गाडी चालवली. दारात कुणी अडकलंय हे कळल्यावर कधी पुढं नेली नाही."

टोप्या संस्थेची माणसं येऊन घेऊन गेली. बाईंनी त्यानंतरचे दिवस हुशारीनं घालवले; भाच्याला बोलावून घर विकायचं ठरवलं, वृद्धाश्रम स्वतः पाहून निवडला, अनुजाला आपली लोकरीची जाड शाल दिली. मग एकेक दिवस निसटायला लागला. ज्या सकाळी अनुजा सामान घेऊन निघाली, त्या सकाळी त्यांनी तिला टॅक्सीवाली समजून दोन बॅगा उचलायला मदत केली.

अनुजाला शहरापासून खूप लांब, एका गावात जागा मिळाली. गोदामाची पाच खोल्यांत विभागणी केलेली, भिंती लाकडाच्या. पहाटेची ड्युटी सोडून तिनं दुपारची घेतली. पगार कमी झाला, प्रवास वाढला. पण रविवारी अण्णा बोलले आणि सोमवारी गाडीत बसल्यावर तिला सगळं आठवलं: "थांब, गॅस बारीक करून येतो" म्हणाले ते, मध्येच खोकले ते, मागं कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं ते. तिनं डोळे मिटून ते पुन्हा पुन्हा ऐकलं.

"जेवतीस ना वेळेवर?" अण्णा विचारत. "सांभाळून राहा." पाऊसपाणी सांगत, नातीचं सांगत. स्वतःचं सांगत नसत. छातीत दुखतं का, डॉक्टरकडं गेला होतात का, असं तिनं विचारलं तर "चांगलं हाय सगळं" म्हणत, आणि ते आता तुषारनं बघायचं असल्यासारखा विषय बदलत. आता तिच्या सगळं लक्षात राहत होतं, आणि लक्षात ठेवण्यासारखं अण्णा तिला काही सांगत नव्हते. ती दर रविवारी फोन करत राहिली.

त्याच्या पुढच्या वर्षी वसंतात एकदा ड्युटीच्या आधी ती वृद्धाश्रमात गेली. रेनाटेबाई बागेकडच्या खिडकीशी बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले. अनुजानं "नमस्कार" म्हटलं. बाईंनी तिला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. तिच्या अंगावरचा चालकाचा गणवेश पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"ट्रामवर आहेस का? मीही होते." त्या जरा पुढं झुकल्या. "नवीन दिसतेस. राहायला कुठं आहेस?"

"लांब. एका गावात."

"मग पहाटेची गाडी कशी काढतेस?"

"नाही काढता येत."

"हं." बाईंनी विचार केला. आजूबाजूला कुणी ऐकत नाही ना, ते पाहिलं. "माझ्याकडं एक खोली आहे. हेसलाखला. लहान आहे, पण ऊन येतं. मी एकटीच असते. भाड्याचं बघू आपण, तुला परवडेल तसं."

त्या घरात आता दुसरं कुणी राहत होतं. झाडही तोडलं होतं. अनुजानं येताना गाडीतून पाहिलं होतं.

"कुणाला तरी दिली असेल तुम्ही," ती कशीबशी म्हणाली.

"छे. माणूस बघून द्यावी लागते. तू मला बरी वाटतेस." बाई उत्तराची वाट बघत होत्या. "काय म्हणतेस? घेतेस का?"

"घेते," अनुजा म्हणाली.

"मग उशीर करू नकोस. हल्ली जागा मिळत नाहीत." समाधानानं त्यांनी तिच्या हातावर थोपटलं आणि स्वयंपाकघरात सामान कुठं काय असतं ते सांगायला सुरुवात केली. अनुजा खुर्ची जवळ ओढून ऐकत बसली. बऱ्याच वेळानं तिची ड्युटीची वेळ झाली.